तर्ज मशहूर

वसमतहून डोंगरकड्याकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडक्या मार्चमध्ये उघड्या ठेवाव्या लागतात आणि मग हळद आत येते. डब्यातली हळद नव्हे, शिजत असलेली. तिला ओल्या मातीचा, उकडलेल्या रताळ्यांचा आणि थोडासा जुन्या दवाखान्याचा वास असतो. हळदीबद्दल छान छान लिहिणारे लोक तिच्या रंगाशी थांबतात. ती शिजते तेव्हा ते तिथे नसतात, त्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही.

यंदा हा वास आला तेव्हा माझ्या मांडीवर एक दोनशे पानी वही होती. अक्षर माझं, मजकूर रंगनाथमामाचा. मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या जलशातला एकच माणूस आता उरला आहे, किसनदादा. ऐंशीच्या घरातले. त्यांनी सुनेच्या फोनवरून सांगितलं होतं, "भाचीबाई, औंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला आपल्याला धा मिनटं भेटली हायत. डीजे सुरू व्हायच्या आधी. वही तेवढी आदीच घिऊन या, तालीम करू. वंदन तरी उभं करू." आजोळी सगळं गाव मला भाची म्हणतं. माझी पन्नाशी आली तरी तो हुद्दा शाबूत आहे. दहा मिनिटं मिळाली हे दादांनी अशा आवाजात सांगितलं होतं, की जणू सरकारने जिल्हाच नावावर करून दिला.

जलसा म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. तमाशाचा सांगाडा घ्यायचा, त्यातले देव काढायचे, गवळणी काढायच्या आणि रिकाम्या जागी आपली गोष्ट बसवायची. सुरुवातीच्या गणाऐवजी वंदन. मधे हसवणारी बतावणी, तिच्यात भूत काढणारा एक देवर्षी आणि त्याला उघडा पाडणारी शिकलेली सून. शेवटी वग, गावातली विहीर कोणाला खुली आणि कोणाला बंद, याचा. ढोलकी, तुणतुणं, पेटी, झांज. पडदा नाही, कारण पडद्याला खांब लागतात आणि खांबाला जागा. बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे. सून व्हायचा त्याला भरघोस मिशा होत्या. पदर दातात धरून तो त्या झाकायचा आणि त्यामुळे त्याचा एकही शब्द कोणाला कळायचा नाही. तरी तो सगळ्यांत लोकप्रिय होता.

ही वही मी उतरवली त्या हंगामात मी तेवीस वर्षांची होते. मराठी घेऊन एमए झाले होते आणि नोकरी लागायची होती. म्हणजे साहित्याबद्दलची माझी मतं अगदी पक्की होती.

मामाला गाव दोन गोष्टींसाठी ओळखायचं, जलशासाठी आणि कढईसाठी. हळद शिजवणं हे अंदाजाचं काम. कमी शिजली तर पुढे पॉलिशच्या ड्रममध्ये हळकुंडं मोडतात. जास्त शिजली तर रंग मरतो. खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ, वर मोठी लोखंडी कढई, तिच्यात हळद आणि पाणी, त्यावर हळदीचाच पाला आणि गोणपाट. फेस वर आला की शिजायला किती वेळ, हा खरा प्रश्न. मामाचं उत्तर होतं, पाच पदं आणि एक बतावणी. फेस दिसला की तो वंदन उचलायचा. पाचवं पद संपलं की एका हळकुंडात काडी टोचून पाहायची आणि कढई रिकामी करायला घ्यायची. जलशाची तालीम आणि हळदीचं शिजणं अशी एकाच जाळावर व्हायची. घड्याळं होती लोकांकडे. पण मामाचं म्हणणं, घड्याळाला जाळ कळत नाही. जाळ मंदावला की तो लय खाली घ्यायचा, वारं सुटून भडकला की चढवायचा. बतावणीत मात्र त्याचा स्वतःवर ताबा राहायचा नाही. देवर्षीचं सोंग त्याचंच, आणि बायका हसल्या की ते वाढत जायचं. मग हळदीचा मालक बांधावरून ओरडायचा, "रंगनाथ, हळदीचा गाळ व्हईल! आता पळव की त्या देवर्षीला!"

संगीत रंगभूमीच्या इतिहासाची बरीच पुस्तकं मी पुढे वाचली. नोकरीचा भाग म्हणून वाचली आणि नंतर एका वेगळ्याच कामासाठी. सगळी एका दरबारात सुरू होतात. एका राजाला खेळ पाहायची इच्छा होते, मग रंगभूमी जन्माला येते. त्यानंतर गॅसबत्त्या, मखमली पडदे, भरजरी शालू, एकेका पदाला पाचपाचदा वन्समोअर. पडद्यावरच्या राजवाड्याच्या चित्राला तीन पानं. जलशाला शेवटच्या प्रकरणात अर्धा परिच्छेद, 'इतर' या मथळ्याखाली. त्या परिच्छेदात आमच्याबरोबर बहुरूपी, कळसूत्री बाहुल्या आणि अस्वलाचा खेळ आहे. अस्वलाबद्दल माझी तक्रार नाही. त्यालाही कोणी विचारलं नसणार.

मामाची मूळ वही पावसाने फुगली होती आणि कसरीने तिच्या कडा खाल्ल्या होत्या. दुपारी कढई चढली की पळसाच्या सावलीत बसून मी नव्या वहीत उतरवून घ्यायचे. मामा जाळ सारता सारता लक्ष ठेवायचा.

"सुमे, वरची वळ गाळू नको."

"कोणती?"

"चाल. दर गाण्याच्या डोक्यावर लिवलेली हाय बग."

वंदनाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'चाल : सांग सोनारा, नथ कशी घडविली.' मी विचारलं, "हे कोणाचं गाणं?"

"मला काय ठाव? उस्तादाच्या वहीत व्हतं, मी लिवलं. माझ्या वहीत हाय, तू लिव."

"पण हे नथीचं गाणं तुला येतं का?"

"ते काहून यावं?" मामाला प्रश्नच कळला नाही. "त्याची चाल येती ना."

पेटीच्या पट्ट्या, सूर, ताल, यातलं काहीही वहीत नव्हतं. गाण्यावर दुसऱ्या गाण्याचं नाव, एवढाच पत्ता. पाहुण्याला घर सांगताना आपण म्हणतो ना, पाटलाच्या घराच्या मागे, तसं. मला ते गावठी आणि गोड वाटलं. मी नीट वळणदार अक्षरात प्रत्येक चालीचं नाव लिहिलं आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढली.

घरात टेपरेकॉर्डर होता. मामाने स्वतःहून विचारलं, "पोरी, टेपात भरायचं का एकदा?" मी म्हणाले, कढईची खदखद येईल, पऱ्हाट्यांची तडतड येईल, बायकांचं बोलणं येईल. शिवाय खरं साहित्य शब्दांत असतं मामा, आणि शब्द मी घेतलेत. मामाने जाळ सारला. "तू शिकलेली हायस," तो म्हणाला. ते त्याने कौतुकानेच म्हटलं होतं. आजवर माझं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

त्या हंगामाचं आणखी काय आठवतं? वाळवणावर पसरलेली हळद, आणि ती उलथताना बायकांच्या पायाला चढलेला रंग. तो पुढे महिनाभर उतरायचा नाही. नळकांड्यासारखा ड्रम फिरवत हळदीला पॉलिश करणारी दोन माणसं, आणि ड्रमच्या खडखडाटातही मामाचा आवाज ओळखू येणं. त्याचा आवाज काही फार गोड नव्हता. तो उंच होता आणि त्याला धार होती. लांबच्या माणसाला हाक मारावी तशी तो ओळ टाकायचा आणि ती संपायच्या आत मागून दोघं तिचं शेपूट धरायचे. त्या दोघांना झीलकरी म्हणतात. म्होरक्याच्या ओळीचे शेवटचे दोनचार शब्द पकडायचे आणि कानावर हात ठेवून उंच ओढत न्यायचे, म्हणजे म्होरक्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. हे त्यांचं काम. त्यांतले एक किसनदादा. मामा पुढे, दादा मागे, चाळीस वर्षं. एखाद्याने आयुष्यभर वाक्याचा फक्त उत्तरार्धच बोलावा, तसं.

मामाचा आवाज मरणाच्या दोन वर्षं आधी गेला. अर्धांगवायूने जीभ जड झाली. गाव म्हणालं, वही आहे म्हणजे सगळं आहे. मीही तेच म्हणाले.

मामा गेल्यानंतर वर्षभराने मी वही उघडली आणि वंदन मनात म्हणून पाहिलं. शब्द होते. चाल आठवेना. आठवेना म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. उकळीची आठवण येते तशी ती येत होती. वास यायचा, गरमपणा यायचा, सूर नाही. घाबरून दुसरं पद काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांच्या डोक्यावर पत्ता लिहिलेला, लाल रेघेसकट, आणि त्या पत्त्यावर कोण राहतं हे सांगणारं कोणी नाही.

मग मी ते नथीचं गाणं शोधायला लागले. हेच ते वेगळं काम. चार वर्षांनी नांदेडला रद्दीतून आलेल्या पुस्तकांत एक कव्हर नसलेलं पुस्तक सापडलं. एका फिरत्या नाटक कंपनीच्या पदांचं. त्यात ती नथ होती. लग्न ठरलेली नायिका आरशासमोर बसून सोनाराला विचारते, असा प्रसंग. मला अंदाज बांधायला तेवढं पुरलं. कधी तरी कुठल्या तरी गावात त्या कंपनीचा तंबू पडला असणार. आमच्या उस्तादाला किंवा त्याच्याही उस्तादाला आत बसायची सोय नसणार. कनातीबाहेर उभं राहून त्याने ती नायिका ऐकली, नथ तिथेच ठेवली आणि चाल तेवढी घरी आणली. चोरी म्हणायची तर म्हणा. विहिरीचं पाणी मागून मिळत नव्हतं, तिथे चाल मागून कोण देणार होतं?

पण त्या पदांच्या पुस्तकातही पदावर सूर नव्हते. तिथे छापलं होतं, 'चाल : गुलशन में आज किसकी सवारी.' मखमली पडद्यांच्या कंपनीनेही चाल दुसरीकडूनच आणलेली. बरं वाटलं. हैदराबादच्या फुटपाथवरून एका ओळखीच्या माणसाने मला उर्दू नाटकांच्या गाण्यांचं एक पिवळं पुस्तक आणून दिलं. मला उर्दू वाचता येत नाही. ते घेऊन मी हिंगोलीला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, सूची पाहिली, पान काढलं आणि गुलशनची ओळ खणखणीत वाचली. मी ओळीच्या वरच्या जागेवर बोट ठेवलं.

"वर काय लिहिलंय साहेब? चालीचं?"

"तर्ज," ते वाचत म्हणाले. "तर्ज, मशहूर."

"म्हणजे?"

"मतलब, सबको मालूम है." त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे पाहून हळूच पुढे म्हणाले, "उस जमाने में."

मी परतीच्या गाडीत बसले. आमच्या रंगभूमीच्या उगमापर्यंत पोचणारी मी बहुधा पहिली बाई होते, आणि तिथे एका शब्दाची पाटी होती. प्रत्येकाने मागच्याकडे बोट दाखवलेलं, आणि सगळ्यांत मागच्याने हात झटकून म्हटलेलं, हे काय लिहायची गोष्ट आहे का? त्याचं तरी काय चुकलं? मामाने सूर लिहिले नाहीत त्याचं कारणही हेच. सगळ्यांना येत होतं. जे सगळ्यांना येतं ते कोणी जपून ठेवत नाही. आणि जाताना ते एकदम सगळ्यांकडून जातं.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी लोककलांचा एक महोत्सव झाला. नाव घेत नाही, कारण सगळ्या महोत्सवांना तेच नाव असतं. किसनदादांना 'ज्येष्ठ शाहीर' म्हणून बोलावलं होतं. मीच त्यांना घेऊन गेले. दीपप्रज्वलन झालं, मग दीपप्रज्वलन करणाऱ्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा. निवेदकाने लोककला मातीशी नातं सांगते असं पाच वेळा सांगितलं. मंचावर माती येऊ नये म्हणून हिरवा गालिचा होता. शाल, नारळ, काचेचं स्मृतिचिन्ह, आणि मग दादांच्या हातात माइक देऊन सगळे बाजूला झाले.

दादा कानावर हात ठेवून उभे राहिले. एक मिनिट गेलं. त्यांनी डावीकडे पाहिलं. मग किंचित मागे वळून पाहिलं. निवेदकाला वाटलं ते गहिवरले. तो म्हणाला, "बाबांच्या भावनांचा आदर करू या," आणि टाळ्या झाल्या. मला खाली बसल्या बसल्या कळलं. दादा कोणीतरी ओळ टाकायची वाट पाहत होते. पहिली ओळ त्यांनी आयुष्यात कधी म्हटलेली नव्हती. दुसऱ्याच्या टाळीसाठी हात पुढे करणाऱ्याला एकट्याला उभं केलं होतं.

येताना गाडीत ते स्मृतिचिन्ह मांडीवर धरून म्हणाले, "चांगलं केलं त्यायनी. तकलीफ दिली न्हाई काई. पन उचलायला एक मानूस पायजे व्हता, भाचीबाई."

एसटीतून उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गावात आता कढया नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे बॉयलर येतो, वाफेवर हळद शिजते, दाबाचा काटा असतो. विहारावरून आले. मामाची पेटी तिथे आहे. तिच्यावर स्पीकरचा एक डबा ठेवतात, उंचीला बरी पडते. एक तरुण मला म्हणाला, "मॅडम, धा मिनटं म्हंजी धा मिनटंच बरं का. पब्लिक थांबत न्हाई." त्याने हे नम्रपणेच सांगितलं. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या वयाची दोनशे पोरं निळ्या गुलालात नाचतात, आणि ज्याच्या आजोबांना कनातीबाहेर उभं राहून गाणं ऐकावं लागलं, त्याने स्वतःच्या रस्त्यावर हवा तेवढा आवाज का करू नये?

किसनदादा बॉयलरजवळच खाटेवर बसले होते. नवं धोतर नेसले होते. सून सुरेखा वाफेचा कॉक सांभाळत होती आणि चार बायका हळदीचे गड्डे निवडत होत्या. वही पाहताच दादांनी दोन्ही हात पुढे केले, उघडली, लाल रेघांवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नाही.

"सगळं हाय ना यात? वंदन हाय?"

"आहे."

"मंग झालं." त्यांनी वही मला परत दिली आणि घसा साफ केला. "घ्या. तुमी उचला, मी झील देतो. त्यो दुसरा झीलकरी न्हाई म्हनून जरा पातळ व्हईल, पन चालवून घिऊ."

"दादा, मला चाल येत नाही."

"वहीत हाय की."

"वहीत नाव आहे. चाल नाही."

ते हसले. मी लाजतेय असं त्यांना वाटलं. "आता रंगनाथदादाच्या भाचीनं लाजून राहिल्यावर कसं व्हायचं? म्हना."

सुरेखा म्हणाली, "म्हना की ताई. आबानी सकाळधरनं च्या बी घेतला न्हाई. म्हने गळा चिकट व्हतो."

मी पहिली ओळ वाचली. वर्गात वाचते तशी. "उजेडाच्या वाटेवरती पहिले पाऊल तुझे." आणि ओळ संपायच्या आत दादांचा हात कानाला गेला आणि आवाज आला, "पाऊल तुझे हो जी..." उंच, थोडा चिरलेला, पण थेट त्या जागेवरून. बायकांचे हात थांबले. त्या ओढीच्या टोकाला मामाच्या गाण्याचा एक तुकडा होता, अगदी शेवटचा, आणि क्षणभर मला वाटलं की त्याला धरून मागे मागे जाता येईल.

मी दुसरी ओळ वाचली. दादांचा हात कानावरच थांबला.

"काय झालं दादा?"

"वाचू नका. म्हना."

मी म्हणून पाहिलं. तोंडातून आली ती शाळेच्या प्रार्थनेची चाल. दादांनी ऐकलं, कानावरचा हात हळूच खाली घेतला. "ही न्हाई," ते म्हणाले. मी पुन्हा दुसऱ्या पट्टीत म्हटलं. "ही बी न्हाई."

"मग कशी होती? तुम्हीच सांगा ना. चाळीस वर्षं ऐकलीत तुम्ही."

त्यांनी कानावर पुन्हा हात ठेवला. ओठ हलत होते. मग म्हणाले, "आता काय सांगू? पैल्या वळीची झील इसरली न्हाई, कारन ती आपसूक निघती तोंडातून. पुडचं त्यो म्हनायचा आन् मी धरायचो. त्यानं टाकल्याबिगर मी कशाला धरू? मी मागं व्हतो, भाचीबाई."

मी वही मिटली नाही. उघडीच ठेवली, तिचं काय करायचं ते न सुचून. दादा म्हणाले, "त्या पोरान्ला सांगा, धा मिनटं वापस घ्या म्हनावं. त्यायला तेवढा टाइम जादा."

तेवढ्यात बॉयलरची शिट्टी झाली. सुरेखाने कॉक फिरवला, वाफ सुटली, बायका फावडी घेऊन उठल्या. दादांनी दचकून वर पाहिलं.

"येवढ्यात? काहून उतरवून राहिल्या? आजून बतावनी बी झाली न्हाई."

"झाली आबा, शिजली," सुरेखा म्हणाली.

"कच्ची असंल. बराबर बग."

तिने एक वाफाळतं हळकुंड फडक्यात धरून त्यांच्या हातात दिलं आणि खाली पडलेली एक काडी दिली. मामा पाहायचा तसं त्यांनी हळकुंडात काडी टोचली. ती लोण्यात जावी तशी आरपार गेली. दादा काडीच्या बाहेर आलेल्या टोकाकडे पाहत राहिले.

"शिजली," ते म्हणाले.